वाचकांचे प्रश्न : मुलगा बाल न्याय मंडळापुढे उभा राहतो तेव्हा

प्रश्न : माझ्या भावाचा मुलगा 16 वर्षांचा असून अकरावीत शिकतो. गेल्या महिन्यात तो व त्याचे दोन मित्र चोरीच्या मोटारसायकलीसह पकडले गेले. त्यांच्यातला एक 19 वर्षांचा आहे. भावाने हमीपत्र लिहून दिल्यावर दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला. आता पुढची तारीख जवळ आली आहे. कोणी म्हणते, कबूल करून टाका, लगेच सुटेल. कोणी म्हणते, त्याला पुण्याला मामाकडे पाठवून द्या. त्याला सैन्यात जायचे होते, तो मार्ग कायमचा बंद झाला का? कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटोही फिरतो आहे. घरात कोणी कोणाशी बोलत नाही.
— एक आत्या, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : सैन्याचा प्रश्न आधी घेतो, कारण घरातल्या अबोल्याचे मूळ तिथेच असावे असे तुमच्या पत्रावरून वाटते. मार्ग बंद झालेला नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 याच्या कलम 24 प्रमाणे, या कायद्याखाली ज्याच्याबाबत निर्णय झाला आहे अशा बालकाला त्या निर्णयामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट करावी लागते. याला अपवाद आहे तो घृणास्पद (म्हणजे किमान 7 वर्षे शिक्षेच्या) गुन्ह्यात बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवलेल्या 16 वर्षांवरील मुलांचा, आणि तुमचे प्रकरण त्याच्या आसपासही नाही. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील एका उमेदवाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये, अल्पवयात झालेल्या आरोपावरून त्याला नोकरीसाठी अयोग्य ठरवता येणार नाही, असाच निर्णय दिला. हे मुलाला आजच, समोर बसवून, त्याच्या वडिलांच्या तोंडून सांगा.

आता प्रकरणाकडे वळू. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षांची शिक्षा आहे, त्यामुळे बाल न्याय कायद्याच्या वर्गवारीत हा गुन्हा किरकोळ ठरतो. धमकावून किंवा कोणाच्या घरात शिरून गाडी नेली असेल तर मात्र वर्ग बदलतो, म्हणून कागदावर नेमकी कोणती कलमे लावली आहेत ते वकिलाकडून वाचून घ्या. एरवी किरकोळ गुन्ह्यात मुलाविरुद्ध एफआयआर नोंदवला जात नाही, पोलीस रोजनाम्यात नोंद करून मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवतात. पण इथे सोबत 19 वर्षांचा मुलगा असल्याने एफआयआर झाला असणार, आणि त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. कलम 23 प्रमाणे बालकाची आणि प्रौढाची कार्यवाही एकत्र चालवताच येत नाही. त्या मोठ्या मुलाने धाकट्यांना हाताशी धरले असे निघाले, तर गुन्ह्यासाठी बालकाचा वापर केल्याबद्दल संहितेच्या कलम 95 खाली त्याला किमान 3 व कमाल 10 वर्षांची शिक्षा होऊ शकते. तुमच्या भाच्याने याविषयी जे खरे असेल तेच सांगावे, मैत्रीपोटी गप्प राहू नये.

'कबूल करून टाका' हा सल्ला मला मान्य नाही. मूल निर्दोष आहे असे धरूनच चालायचे, हे या कायद्याचे पहिले तत्त्व आहे. न केलेली गोष्ट केवळ सुटकेच्या घाईने कबूल करायला मुलाला लावणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा दुसऱ्याच्या म्हणण्यावर चालायला शिकवणे होय. चौकशी 4 महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी 2 महिने मिळतात, आणि किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही ती पुरी झाली नाही तर कार्यवाहीच संपुष्टात येते. गुन्हा शाबीत झाला तरी मंडळ समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, परिवीक्षेवर (ठरावीक काळ देखरेखीखाली) घरी सोडणे यांतून निवड करते. विशेष गृहात (मुलांच्या सुधारगृहात) जास्तीत जास्त 3 वर्षे ठेवता येते, पण संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा असे कायदाच सांगतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बालकाला मोफत विधी साहाय्य मिळण्यासाठी घरच्या उत्पन्नाची अट नाही.

मंडळ (आपल्याकडच्या कागदांवर किशोर न्याय बोर्ड) म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, ज्यांपैकी निदान एक स्त्री असते. त्यांच्या निर्णयाला सर्वांत मोठा आधार असतो तो परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालाचा, आणि नेमके त्याच अधिकाऱ्यासमोर बहुतेक कुटुंबे सगळे झाकायला बघतात. त्या अहवालाच्या नमुन्यात तंबाखू, दारू, जुगार यांचे रकाने आहेत, तसेच खेळ, वाचन, चित्रकला, गायन यांचेही आहेत. मित्र वयाने मोठे आहेत की बरोबरीचे, शाळा मधूनच सुटली असेल तर का, घरात मारहाण होते का, हेही विचारले जाते. 'आमचा मुलगा सोन्यासारखा आहे' एवढेच सांगितलेत तर तुमच्या हाती काही लागणार नाही. तो दुपारी क्लास बुडवून कुठे बसत असे, त्याच्याकडे पैसे कुठून येत, आणि यापुढे रोज संध्याकाळी त्याच्यासोबत घरातले कोण असणार, हे स्पष्ट सांगितलेत तर मुलाला घरी ठेवण्याची शिफारस करायला अधिकाऱ्याला आधार मिळतो. पुण्याचा बेत म्हणूनच सोडा. मंडळाला न विचारता मुलाला गाव सोडायला लावले तर हमी मोडल्यासारखे होईल, आणि अकरावीचे वर्ष जाईल ते वेगळेच.

राहिला फोटो. कलम 74 प्रमाणे अशा बालकाची ओळख उघड होईल असे काहीही कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध केल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ग्रुपच्या ॲडमिनला हे कलम शांतपणे दाखवा. बहुतेक वेळा तेवढ्याने फोटो निघतो. न निघाल्यास मंडळाकडे लेखी अर्ज द्या.

प्रश्न : आपण नेहमी मुलांचीच बाजू घेता. पुण्यात दोन जीव घेणाऱ्याला निबंध लिहायला सांगितला गेला. 17 वर्षांच्याला सगळे कळते. कायदा कडक का करत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, रामबाग

उत्तर : गुरुजी, आपला संताप मला समजतो. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात 17 वर्षांच्या मुलाच्या मोटारीच्या धडकेत जे दोघे गेले ते आपल्याच मध्य प्रदेशातले होते, आणि जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध पाहून त्यांच्या आईवडिलांना काय वाटले असेल याची कल्पनाही करवत नाही. त्या आदेशाचे समर्थन मी करणार नाही.

तरीही कायदा कडक झालेलाच नाही, हे खरे नाही. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील निर्भया घटनेनंतर झालेल्या 2015 च्या कायद्याने 16 ते 18 वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी केली. मात्र त्याआधी मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन मंडळाने करायचे असते. घृणास्पद म्हणजे किमान शिक्षाच 7 वर्षे आहे असा गुन्हा. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान शिक्षा 7 वर्षांची नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निर्णयाप्रमाणे आणि 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे तो केवळ गंभीर गुन्ह्यांत मोडतो. पुण्याच्या त्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची पोलिसांची मागणी जुलै 2025 मध्ये तिथल्या मंडळाने फेटाळली, ती बातमी वाचताना ही वर्गवारी लक्षात ठेवावी लागते.

आपल्या उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानेही सप्टेंबर 2024 मध्ये, चार वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणात, अल्पवयीनांशी या देशात फारच सौम्यपणे वागले जाते, असा खेद व्यक्त केला होता. त्या प्रकरणातला आरोपी मध्यंतरी सुधारगृहातून पळालाही होता. मला इथे कलमांपेक्षा ती गृहे अधिक सलतात. जिथे दार राखले जात नाही आणि समुपदेशक नियमित येत नाही, तिथे मुलाला 3 वर्षे ठेवा की 10, बाहेर पडणारा मुलगा तोच असणार. 2022 मध्ये देशात नोंदलेल्या 58 लाखांहून अधिक गुन्ह्यांपैकी अल्पवयीनांविरुद्धचे 30,555 होते. एवढ्या मुलांसाठी पुरेसे परिवीक्षा अधिकारी आणि समुपदेशक नेमणे कोणत्याही राज्याला जड जाऊ नये, आणि संताप तिकडे वळला तर त्यातून काही निष्पन्न होईल असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मुलगी 15 वर्षांची आहे. भंवरकुआं येथे क्लासला स्कूटरने जाते, हेल्मेट घालते. पकडली गेल्यास दंड भरला की झाले ना?
— एक आई, लोकमान्य नगर

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे दोष पालकाचा किंवा वाहनमालकाचा धरला जातो. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि मुलीला 25 वर्षांची होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पालकावरच असते. 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना 16 व्या वर्षी मिळतो, पण सध्या बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर त्याहून मोठ्या इंजिनाच्या असतात. विजेवरच चालवायची असेल तर परवाना न लागणारी, म्हणजे 250 वॅटहून कमी शक्तीची आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरहून कमी असलेली गाडीच घ्या, आणि दुकानदाराकडून ते लेखी घ्या.