आजीचा तंबू आणि जावयांचं 'बघू'

ताई, नमस्कार. मी 64 वर्षांची, राहते नाशिकला. बँकेतून निवृत्त झाल्यावर बायकांच्या ग्रुपबरोबर डोंगर चढायला लागले. अंजनेरी, हरिहर, रतनगड, कळसुबाई सगळं झालंय. मुलगी-जावई ठाण्याला असतात. नात 11 वर्षांची, नातू 6 वर्षांचा. दोघांना एकदा तरी तंबूत झोपवायचं, धबधब्यात भिजवायचं असं फार मनात होतं. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी भंडारदरा ठरवलं. रात्री तलावाकाठी तंबू, सकाळी रतनवाडीच्या बाजूला ओढ्याओढ्याने चालत धबधब्यापर्यंत. माझी एक मैत्रीण सोबत येणार होती. मुलांना सांगितलं तर नातीने त्याच रात्री बॅग भरली. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन: "आई, पावसात नको गं. हवं तर सगळे मिळून रिसॉर्टला जाऊ." जावई म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे नाहीच. मेमध्ये व्याही दोघांना गावी घेऊन गेले, विहिरीत पोहायला उतरवलं. तेव्हा कोणी बघू म्हणालं नाही! मी नातीला खरं ते सांगून टाकलं, की आई-बाबा नको म्हणतात. आता ती आईशी धड बोलत नाही. कधी वाटतं, दोघांना नाशिकला राहायला बोलवावं आणि गपचूप एका दिवसात जाऊन यावं. माझी तब्येत ठणठणीत आहे. फेब्रुवारीत हरिहरच्या पायऱ्या उतरताना गुडघ्याने जरा दगा दिला, पण दोन मिनिटांत सुटला. सांगा, माझं काय चुकतंय?

— एक आजी, नाशिक

नमस्कार ताई,

आधी विहिरीचं बोलू, कारण पत्रातला खरा राग तिथे आहे. तो राग रास्त आहे. आजोबा नातवंडांना कुठे घेऊन गेले की ती हौस, आणि आजीने तेच ठरवलं की घरात काळजीची सभा भरते. हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्या चढून-उतरून आलेल्या बाईला "रिसॉर्टला जाऊ" ऐकावं लागलं, तर तिला लागणारच. हे मुलीशी एकदा मोकळेपणाने बोला. मात्र भंडारदऱ्याच्या वादात ओढून बोलू नका. मेमध्ये विहिरीवर धाकट्याच्या पाठीला डबा बांधला होता का, पाण्यात त्याच्या हाताशी कोण होतं, हे तेव्हा कोणी विचारलं नसेल तर विचारायला हवं होतं. तिथे प्रश्न राहून गेला म्हणून इथे विचारलेला प्रश्न अन्याय ठरत नाही.

आता गपचूप जाण्याचं. ते डोक्यातून काढून टाका. सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात धबधबा राहील असं वाटतं तुम्हाला? रविवारी रात्री ठाण्याच्या घरात पाय टाकायच्या आधी, गाडीतच सगळं बाहेर येईल. बरं, त्याने नाही सांगितलं तरी अकरा वर्षांच्या मुलीला तुम्ही आईपासून लपवायला शिकवलंत, हे उरतंच. आणि काही बरंवाईट झालं, साधा पाय मुरगळला, तरी मुलीला फोनवर पहिलं वाक्य काय सांगाल? त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला पाठवतानासुद्धा ती दहा वेळा विचार करील.

मुख्य मुद्दा बेताचा. तुमच्या मुलीने "पावसात नको" म्हटलं. "तुझ्याबरोबर नको" असं ती म्हणाल्याचं पत्रात कुठेही नाही. ते तुम्ही ऐकलंत. आणि या एका बाबतीत मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. जुलैच्या शेवटी, दोन लहान मुलांना घेऊन, रतनवाडीकडे ओढ्यातून चालायचा बेत चांगल्या ट्रेकरनेसुद्धा करू नये.

घाटघर-रतनवाडीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा! तो पट्टा थेट घाटमाथ्यावर. खाली ओढ्यात आपण निवांत भिजत असतो, डोक्यावर ढगही फारसे नसतात, आणि वरच्या डोंगरावर कोसळलेलं पाणी कपारींतून एकदम खाली येतं. आधी पाणी गढूळ होतं, मग पालापाचोळा, काटक्या वाहत येतात, आवाज बदलतो. हे ओळखून बाहेर पडायला हाताशी काही मिनिटंच असतात. मोठी माणसं तेवढ्या वेळात कदाचित काठ गाठतात. मुलं दगडावर बसून राहतात, कारण त्यांना वाटतं आपण तिथेच सुरक्षित आहोत. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुलं होती. ती मंडळी काही साहस करायला गेली नव्हती, सुट्टीच्या दिवशी भिजायला गेली होती. लांब कशाला, तुमच्या त्र्यंबकेश्वरजवळ दुगारवाडीला 2022 च्या ऑगस्टमध्ये पाणी अचानक वाढून पर्यटक पलीकडे अडकले होते, एक जण वाहून गेला होता. नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये त्यावर बोलणं झालंच असणार.

तुमच्या गुडघ्याएवढं पाणी म्हणजे नातवाच्या मांडीपर्यंत. वाहतं पाणी गुडघाभर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटतो. मग नातवाला तुम्ही कडेवर घेणार. म्हणजे एक हात गेला, पायाखालचं दिसेनासं झालं, शेवाळलेला दगड, आणि नात मागे मैत्रिणीचा हात धरून. इथे मला तुमचा गुडघा आठवतो.

तुम्ही त्याच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंत, तेही "ठणठणीत" शब्दाला जोडून. ताई, उतरताना दगा देणारा गुडघा ही किरकोळ गोष्ट नाही. चढताना दम लागतो, तो कळतो, आपण थांबतो. उतरताना गुडघा दगा देतो तेव्हा थांबायला वेळ मिळत नाही. तुम्ही एकट्या असाल तर बसकण माराल, फार तर खरचटेल. कडेवर सहा वर्षांचं मूल असताना तीच दोन मिनिटं फार मोठी असतात. हे मुलीला सांगितलंय का? नसेल सांगितलं, तर तुम्ही तिच्याकडे अर्धी माहिती ठेवून पूर्ण होकार मागताय.

जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला दुसरी कटकट असते, ती तुम्हालाही ठाऊक आहे. घोटीपासून गाड्यांच्या रांगा, तलावाकाठी स्पीकर, पिऊन आलेली टोळकी. दोन बायका, दोन मुलं, एक तंबू आणि शेजारी रात्री दोनपर्यंत गाणी. तुमच्या डोक्यातली ती शांत रात्र तिथे मिळणार नाही.

मग कधी जायचं? ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. मुलांच्या परीक्षा कधी आहेत ते विचारून तारीख धरा. पाऊस तोवर सरत आलेला असतो, डोंगर हिरवे असतात, उतारांवर कुठेकुठे सोनकीच्या फुलांचा पिवळा रंग शिल्लक असतो आणि पाणीही वाहतं असतं, पण जुलैसारखं अंगावर येत नाही. परतीच्या पावसाचं एक लक्षात ठेवा. तो बहुतेक दुपारनंतर विजा घेऊन येतो. म्हणून सगळं चालणं सकाळी. दुपारी जेवायला मुक्कामावर परत. ढग गडगडले की तंबूतही थांबू नका, तलावाचा काठ आणि एकटं झाड सोडून पक्क्या घरात किंवा गाडीत जा.

धबधब्यात उतरायलाच हवं असं नाही. मुलांना आकाराचं अप्रूप असतं. रंधा फॉल कठड्यामागून दाखवा. प्रवरा तिथे दरीत उडी घेते, तो आवाज ऐकून नातू गप्प होईल, त्याच्यासाठी तेवढं पुरे. धरणातून पाणी सोडलं असेल तर धरणाच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल दिसेल. नात अकराची आहे, तिला सांगा की हे दगडी धरण 1926 साली पुरं झालं. तिच्या पणजोबांच्या काळातली गोष्ट म्हटलं की ती हिशोब करत बसेल. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी आहे. देवळाभोवती सपाट वाटेवर हवं तेवढं हिंडता येतं. भिजायचंच असेल तर गावातल्या माणसाला विचारून, घोट्याएवढ्या पाण्याच्या झऱ्यात, मोठं माणूस पाण्याच्या खालच्या बाजूला उभं राहून. जवळच्या अरुंद सांदण दरीचं नाव नातीने कुठल्या रीलमध्ये पाहिलं असेल, तर ते या वेळी नाही. त्या दरीला कोरडा हिवाळा लागतो आणि सहा वर्षांच्या भावाला घरी ठेवावं लागतं.

मोठी माणसं किती, यावर मी अडून बसणार आहे. एका मुलामागे एक मोठं माणूस, ज्याला दुसरं काहीच काम नाही. स्वयंपाक, गाडी, फोटो हे तिसऱ्याने बघायचं. तुम्ही आणि मैत्रीण मिळून दोघीच होता, म्हणजे चहा ठेवायला एक जण वाकली की एक मूल मोकळं. तिसरं माणूस कोण? जावई. हो, तेच बघूवाले. त्यांना परवानगी देणारा माणूस म्हणून बोलवू नका, तंबू ठोकायला बोलवा. "मला खुंट्या ठोकणं आता जड जातं, तुम्ही याल का?" असं विचारून बघा. बघू म्हणणाऱ्या बऱ्याच माणसांना नाही म्हणायचं नसतं, त्यांना आपलं काम काय ते कळलेलं नसतं. ते आले नाहीत तर मुलगी येईल. दोघंही आली तर तुमची "आजीची सहल" बुडाली असं मानू नका. वाट तुम्हाला माहीत आहे, पुढे तुम्हीच चालणार.

तंबूच्या बाबतीत तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे, पण मुलांमुळे काही गोष्टी बदलतात. काठावर कुठेही तंबू टाकू नका. गावातल्या ओळखीच्या माणसाच्या अंगणात किंवा शेतात टाका, जिथे संडास आहे आणि रात्री पाऊस आला तर पडवीत पळता येतं. तो भाग अभयारण्याचा आहे, कुठे मुक्कामाला मनाई आहे ते नाक्यावर विचारून घ्या. पिठलं-भाकरी, ठेचा त्याच घरी सांगा, मुलांना तिखट कमी. रात्री थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी किंवा निखारे कधीही घ्यायचे नाहीत. बंद जागेत त्याचा विषारी वायू साठतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. सकाळी बूट झटकून घालायचे, विंचू असतो. क्रॉक्स आणि चपला गाडीत राहू द्या. मोबाइलची रेंज त्या बाजूला जाते-येते, तेव्हा जवळचा दवाखाना कुठे आहे हे आदल्या दिवशीच गावकऱ्याला विचारून ठेवा. नातवाला रात्री उठून आई हवी झाली तर? सहा वर्षांचं मूल आहे, होईल. म्हणून आधी एकदा नाशिकला तुमच्या गच्चीवर तंबू लावून झोपवा. तिथे रडला तर जिना उतरला की घर.

आणि नात. इथे मी थोडी कडक बोलणार आहे. "खरं ते सांगितलं" असं तुम्ही लिहिलंत. खरं असेलही, पण ते सांगून तुम्ही आईविरुद्ध एक साक्षीदार तयार केलात. शिवाय क्रमच उलटा होता: आधी मुलांना सांगितलं, मग आईबापांना कळलं. त्यामुळे मुलीकडे वाईट ठरण्याखेरीज पर्यायच उरला नाही. हे निस्तरायचं काम तुमचंच आहे. नातीला फोन करा आणि तिला समजेल असं सांगा, की जुलैत त्या ओढ्याला पाणी फार असतं, आईचं म्हणणं मला पटलंय, मी ठरवण्याआधी तिला विचारायला हवं होतं. समजूत काढताना "तुझी आई ना, घाबरते" असलं काही शेपूट जोडू नका. पोरींचे कान तिखट असतात. तिला एक कामही द्या. रतनगड, प्रवरा, धरण यांची माहिती काढून वहीत लिहायला सांगा, तिथे गेल्यावर ती सगळ्यांना सांगेल. भरलेली बॅग तशीच राहू दे म्हणावं, फक्त रेनकोटाबरोबर एक स्वेटर टाक.

मुलीशी बोलायला सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर हे मेसेजमध्ये लिहून पाठवा. तुमच्या शब्दांत बदला:

"जुलैचं रद्द करतेय. तुझं बरोबर होतं. मुलांना आधी सांगायला नको होतं, नातीशी मी बोलते. ऑक्टोबरमध्ये जायचा विचार आहे, गावात घराच्या अंगणात तंबू, ओढ्यातून चालणं नाही. जावई आले तर बरं होईल. तुला यातलं काय पटत नाही ते सांग, ते बदलू. आणखी एक, फेब्रुवारीत उतरताना माझा गुडघा अडकला होता. डॉक्टरांना दाखवून आले, ते म्हणाले..."

शेवटची ओळ तुम्हाला पुरी करायची आहे. तेव्हा आधी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या, मग मेसेज पाठवा. उतरायला नको असं ते म्हणाले, तर रतनवाडीचं देऊळ आणि रंध्याचा कठडा दोन्ही ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते.