सायकलने कामाला जायचं आहे, पण धडक देणाऱ्या गाडीवाल्याला आपल्याकडे खरंच शिक्षा होते का?

होते, पण तिला शिक्षा म्हणावी का हा प्रश्न पडेल एवढीच. तुम्ही विचारलंय दोन गोष्टींबद्दल: सहा किलोमीटरवरच्या ऑफिसला सायकल न्यावी का, आणि कुणी उडवलं तर कायदा काय करतो. दुसरीबद्दल आधी लिहिते, कारण ते मी कोर्टातल्या बाकावर बसून पाहिलंय.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, कुपवाड एमआयडीसीत फिटर होते. नोकरी लागल्यापासून सांगलीहून सायकलनेच ये-जा. 2016 च्या उन्हाळ्यात कामावरून परतताना विश्रामबागेच्या अलीकडे मागून आलेल्या चारचाकीने त्यांना उडवलं. संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, लख्ख उजेड, सरळ रस्ता. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं, आत सळई घातली. पुढे अण्णा चालायला लागले, पण मशीनसमोर आठ तास उभं राहणं जमेना, म्हणून नोकरी मुदतीआधी सोडावी लागली.

पंचनाम्याची नक्कल मी इतक्यांदा वाचलीय की पाठ झालीय. सायकलचं मागचं चाक वाकलेलं, मडगार्ड चेपलेलं, जेवणाचा डबा झाकण उघडून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला पडलेला. आणि त्याखाली एक ओळ: घटनास्थळी टायर घासल्याच्या खुणा दिसून आल्या नाहीत. म्हणजे त्या माणसाने ब्रेकच मारला नाही. समोर सायकल आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं. का पाहिलं नव्हतं, हे त्याला शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

कलमं लागली भारतीय दंड विधानाची 279 (बेदरकार गाडी चालवणं) आणि 338 (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत करणं), आणि मोटार वाहन कायद्याचं 184 (धोकादायक चालवणं). 279 ला जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 338 ला दोन वर्षं किंवा एक हजार दंड, किंवा दोन्ही. कायद्यातला हा 'किंवा' शब्दच सगळं ठरवतो. शिवाय दोन्ही गुन्हे जामीनपात्र, त्यामुळे तो त्याच रात्री घरी गेला. 338 जखमीच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, म्हणून लगेच मध्यस्थ सुरू झाले. मध्यस्थ कोण, तर आमचेच मामा. दवाखान्यात अण्णांच्या उशाशी बसून म्हणाले, "दाजी, मिटवून टाका. पोरगं चांगल्या घरचं आहे, त्याचं करिअर खराब होईल. आणि खरं सांगू का, या वयात त्या रस्त्यावर सायकल घालायची काय गरज होती?"

अण्णांनी त्यांना एवढंच सांगितलं, "पैसे नकोत. त्याचं लायसन्स काढून घ्या."

ते कुणी घेतलं नाही. काही वर्षं तारखा पडत गेल्या, मग एका तारखेला त्याने गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायचं. तो फोन बघत बसला होता. पाचच्या सुमाराला दंडाची पावती खिशात घालून उठला आणि आवारात लावलेली गाडी स्वतः चालवत बाहेर पडला. मी फाटकापाशीच उभी होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 20 खाली, गाडी वापरून केलेल्या कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला वाहन चालवायला अपात्र ठरवण्याचा अधिकार कोर्टाला आहे. कलम 19 खाली आरटीओलाही बेदरकार चालकाचं लायसन्स रद्द करता येतं. सरकारी वकिलांनी तशी मागणीच केली नाही. मी आमच्या ओळखीच्या वकिलांना विचारलं तर म्हणाले, "असं कुणी मागत नाही हो ताई."

भरपाईचं वेगळंच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पैसे मिळाले, पण ते विमा कंपनीने दिले. धडक देणाऱ्याच्या खिशातून एक रुपया गेला नाही. आणि उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी अण्णांना पहिल्यांदा विचारलं काय, तर सायकलच्या मागच्या मडगार्डला लाल काच होती का. भर उजेडात झालेल्या अपघातात! हेतू हा, की थोडी चूक सायकलवाल्याचीही ठरवायची आणि तेवढी रक्कम कापायची.

आता कायदा बदलला, असं तुम्हाला कुणी सांगेल. 1 जुलै 2024 पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर आधी दोन वर्षं होती, आता कलम 106(1) खाली पाच वर्षांपर्यंत. गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड. बेदरकार चालवण्याला मात्र अजूनही सहा महिने किंवा एक हजारच. आणि धडकेत माणूस मारून, न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद असलेलं 106(2) ट्रकचालकांच्या संपानंतर लागूच केलं नाही. पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर मेले, गाडी चालवणारा अल्पवयीन होता, आणि काही तासांत 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन झाला. पुढे आरडाओरडा झाला म्हणून चक्रं फिरली. आमच्यासारख्यांच्या प्रकरणात आरडाओरडा कोण करणार?

माझं मत स्पष्ट आहे. तुरुंग राहू दे बाजूला, आधी गाडी काढून घ्या. ज्याने एका माणसाला आयुष्यभरासाठी लंगडं केलं, त्याने निदान पाच वर्षं बसने फिरावं. "त्याच्या पोटापाण्याचं काय?" म्हणणाऱ्यांनी अण्णांच्या पोटापाण्याचं काय झालं ते आधी विचारावं. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातले जवळपास 33 हजार पायी चालणारे होते. त्यांना सगळ्यांना घरी बसायला सांगणार आहात का?

मामा अजूनही लग्नाकार्यात भेटले की तेच म्हणतात, "सायकल परदेशात ठीक, तिथे रस्तेच तसले." मामा, तिथेही रस्ते आयते मिळालेले नव्हते. नेदरलँड्समध्ये 1971 या एका वर्षात चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मेली. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा म्हणत रस्ते अडवले, तेव्हा सरकारने शहरं बदलायला घेतली. तिथल्या एखाद्या मामाने तेव्हा पोरांनाच घरी बसवा असं सांगितलं असणारच, पण लोकांनी ऐकलं नाही. आणि आपल्याकडे सायकल चालवतं कोण? एमआयडीसीतला कामगार, दूधवाला, शाळेची पोरं. त्यांना पर्याय नसतो. रस्ता त्यांच्याही पैशातून झालाय. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की चालण्याजोगा पदपथ हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सांगली-मिरज रस्त्याला तुम्ही पदपथावरून चालून बघा, मग कळेल हा हक्क कुठे पोचलाय ते.

तर तुमचा प्रश्न. हो, जा सायकलने. सहा किलोमीटर म्हणजे अर्धा तास, घाम आला तर ऑफिसात शर्ट ठेवा. हायवे किंवा मोठा रस्ता टाळून गल्लीबोळाची वाट शोधा, एखादा किलोमीटर वाढला तरी चालेल. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, म्हणून तीसच्या वेगाने गाड्या जातात असा रस्ता साठच्या रस्त्यापेक्षा केव्हाही बरा. अगदी कडेला चिकटून चालवू नका. कडेला खडी, गटाराची झाकणं आणि उभ्या गाड्यांची उघडणारी दारं असतात, शिवाय मागच्याला वाटतं शेजारून निघून जाता येईल. हातभर आत राहा, दिसत राहा. मागे लाल दिवा लावा. काचेवरून आम्हाला काय विचारलं ते वर लिहिलंच आहे.

दोन गोष्टी राहिल्या. ट्रकवाल्यांना मी यात सरसकट धरत नाही. झोप न घेता त्यांना पिटाळणारा मालक कधी कोर्टात उभा राहत नाही, आणि अपघातानंतर जमाव मारतो म्हणून ते पळतात हेही खरं आहे. दुसरं, तुमच्या वाटेवर एखादा उड्डाणपूल किंवा न टाळता येणारा हायवेचा तुकडा असेल, तर तेवढ्यापुरती सायकल हातात धरून चाला किंवा बस घ्या. जिद्दीने तिथे घालू नका.

आणि तुमचं किंवा घरातल्या कुणाचं असं काही झालंच, तर कुणी मिटवायला आलं म्हणून घाईने सही करू नका. एफआयआर आणि पंचनाम्याच्या नकला लगेच मागून घ्या, नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत लावा, आणि सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या की कलम 20 खाली त्याला वाहन चालवायला अपात्र ठरवण्याची मागणी करा. नाही म्हणाले तरी अर्जाची पोच घ्या.