"आमच्या विषयात इंटर्नशिप असते तरी का?"

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र शिकणारी मुलं माझ्याकडे आली की हा प्रश्न हमखास येतो. वाणिज्य किंवा इंजिनिअरिंगच्या मित्रांना शाखेचं नाव टाकलं की जाहिराती दिसतात. 'समाजशास्त्र इंटर्न' असं शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी याच काळजीने आली होती. एकच अर्ज तिने कितीतरी संस्थांना पाठवला होता, उत्तर कोणाचंच नव्हतं. "सर, विषयच चुकला बहुतेक." अर्जात लिहिलं होतं: उत्तम संवादकौशल्य, शिकण्याची आवड, संघभावना. यावरून वाचणाऱ्याला काय कळणार?

मी तिला वर्गातल्या प्रकल्पाबद्दल विचारलं. वसतिगृहातल्या सोयींवर त्यांनी सर्वेक्षण केलं होतं. बोलता बोलता म्हणाली, "'खोली आणि जेवण चांगलं आहे का?' असा एक प्रश्न होता. आधी काही जणींना विचारून पाहिलं, तर खोली आवडते पण जेवण नाही, अशा मुली अडकून पडायला लागल्या. मग एका प्रश्नाचे दोन केले."

सर्वेक्षण करणाऱ्या कुठल्याही संस्थेला अशी नजर हवी असते. अर्जात मात्र याचा उल्लेखही नव्हता.

आम्ही शोधाची पद्धतच बदलली. विषयाच्या नावाऐवजी कामाच्या नावाने शोधायचं: सर्वेक्षण, मुलाखती, ध्वनिमुद्रणाचं लेखन, माहितीचं वर्गीकरण, धोरणांवरची टिपणं, एखाद्या योजनेचं मूल्यमापन. ही कामं संशोधन संस्थांत असतात, तशीच स्वयंसेवी संस्था, संग्रहालयं, वृत्तपत्रं आणि ग्राहकांच्या सवयी अभ्यासणाऱ्या कंपन्यांतही असतात. अर्ज थोडेच करायचे, पण प्रत्येक अर्जाआधी त्या संस्थेचा एक तरी अहवाल वाचायचा आणि पत्रात त्यावर नेमका एक प्रश्न विचारायचा. सोबत स्वतःच्या लेखनाची दोन पानं जोडायची.

तिला एका छोट्या संस्थेत काम मिळालं. थोड्याच दिवसांत ती पुन्हा आली, चांगलीच वैतागलेली. दिवसभर मुलाखती ऐकून टाइप करायच्या. "हे काय, नुसतं कारकुनी काम!"

तक्रार अगदीच खोटी नव्हती. तासाभराच्या मुलाखतीचं शब्दशः लेखन करायला सहज चार-पाच तास लागतात. पण समाजविज्ञानातली बरीचशी समज अशा कंटाळवाण्या मोजदादीतूनच आली आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातल्या बेरोजगारीचा अभ्यास 1933 साली प्रसिद्ध झाला. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे लोकांच्या चालण्याचा वेग मोजला, वाचनालयातून किती पुस्तकं जातात ते पाहिलं. हातात वेळच वेळ असूनही वाचन घटलं होतं. बेरोजगारीत माणसाचा वेळही कसा विस्कटतो, हे या असल्या नोंदींतून दिसलं.

मी तिला एवढंच सुचवलं: टाइप करताना शेजारी वही ठेव. मुलाखतकार कुठे गप्प बसला, कुठे घाई केली, कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ते लिही. आणि वर्गीकरणाच्या, म्हणजे मुलाखतींतले मुद्दे विषयवार लावायच्या बैठकीला बसू देता का, असं विचार. तिने विचारलं, त्यांनी बसू दिलं. तिच्या वहीतला एक मुद्दा वर्गीकरणाच्या यादीत नव्हता, तो घेतला गेला.

सगळीकडे असं होतंच असं नाही. म्हणून रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: माझं काम कोण तपासणार, शेवटी माझ्या हातात दाखवण्यासारखं काय असेल, आणि मानधन किंवा निदान प्रवासखर्च मिळेल का. पहिल्याच प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर मी सरळ नको म्हणायला सांगतो. मार्गदर्शक नाही, पैसे नाहीत आणि दिवसभराचं काम, ही इंटर्नशिप नव्हे, वेठबिगारी आहे.

जाता जाता तिने विचारलं, पुढच्या अर्जाला यातल्या मुलाखतींचा उतारा जोडू का? नावं काढून टाकली तरी नाही, असं मी सांगितलं. लोकांनी संमती दिली होती ती त्या अभ्यासापुरती. काय काम केलं त्याचं वर्णन लिही, आणि तेही पाठवण्याआधी मार्गदर्शकांना दाखव.