मनीला विष कुणी घातलं?

प्रश्न : आमची मनी चार वर्षांची, वजन चार किलोच्या आसपास. गेल्या महिन्यात एका सकाळी ती जिन्याखाली नुसती बसून राहिली. खाईना, तोंड आणि पुढचे पंजे सुजलेले, धाप लागलेली. सासूबाई म्हणाल्या मिठाचं पाणी पाजा, शेजारच्या काकू म्हणाल्या दूध पाजा. आम्ही दोन्ही केलं आणि मग दवाखान्यात नेलं. सलाइन वगैरे होऊन वाचली. आदल्या दिवशी अंग गरम लागत होतं म्हणून मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली होती, पण तिचा काही उपयोग झाला नाही. सोसायटीत मांजरांवरून कायम कुरबुर असते. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी विष घातलं अशी माझी खात्रीच आहे. विषबाधा ओळखायची कशी आणि तक्रार कुठे करायची?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ताई, तक्रारीचा कागद तूर्त बाजूला ठेवा. तळमजल्यावरच्या गृहस्थांचा स्वभाव कसा आहे ते मला ठाऊक नाही, पण तुम्ही लिहिलेलं सगळं त्या अर्ध्या गोळीकडे बोट दाखवतंय. माणसाचं यकृत पॅरासिटामॉलचा ज्या रीतीने निचरा करतं, ती रीत मांजराकडे जवळजवळ नाहीच. ५०० मिलीग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे २५० मिलीग्रॅम. चार किलोच्या जिवाला हा किलोमागे साठ मिलीग्रॅमच्या वर डोस झाला, आणि यापेक्षा कितीतरी कमी मात्रेतही मांजरं आजारी पडलेली आहेत. रक्तातली तांबडी पेशी प्राणवायू वाहून नेईनाशी होते. म्हणून धाप लागते. तोंड व पंजे सुजणं हीही याचीच खूण. यावर उतारा आहे, त्याचं नाव अॅसिटिलसिस्टीन. पण तो जितका लवकर तितका उपयोगी. म्हणूनच पुढच्या वेळी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : ‘काल अमुक गोळी दिली होती.’ तुम्ही दिलीत म्हणून कुणी रागावणार नाही. रागावलंच तर डॉक्टर बदला.

ओळखायचं कसं? वरचा ओठ अंगठ्याने हळूच उचला आणि हिरडी बघा. निरोगी मांजराची हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडली की दोनेक सेकंदांत परत गुलाबी. (काही मांजरांच्या हिरड्या जन्मतःच काळपट असतात, म्हणून आपल्या मांजराची आज, ते धडधाकट असताना, बघून ठेवा.) हिरडी चॉकलेटी दिसली तर पॅरासिटामॉलची शंका घ्या. पांढरीफटक असेल तर आत कुठेतरी रक्तस्राव होत असेल. याखेरीज सतत लाळ, उलट्या, थरथर, झोकांड्या, बुबुळं फार मोठी किंवा फार बारीक होणं यातलं काहीही एकाएकी सुरू झालं तर विषाचा विचार करायचा. नुसती लाळ गळली म्हणून मात्र घाबरू नका. कडू औषध जिभेला लागलं तरी मांजर फेस काढतं.

उंदराच्या विषाचं म्हणाल, तर ते एक नाही. बाजारातल्या रंगीत वड्यांमध्ये बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं. ते खाल्लेलं मांजर दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतं, मग मलूल होतं, नाकातून किंवा शीतून रक्त जातं. त्यावर व्हिटॅमिन के-वन आहे, पण ते तीन-चार आठवडे द्यावं लागतं. बरं दिसलं म्हणून मधेच थांबवलं की पुन्हा रक्तस्राव. काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड, ते काही तासांतच गाठतं. त्याच्या उलटीला लसणासारखा वास येतो आणि तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून रिक्षात किंवा गाडीत काचा उघड्या ठेवा.

आता मीठ आणि दूध. मिठाच्या पाण्याने उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम वाढून झटके मात्र येऊ शकतात. दूध कशाचाही उतारा नाही. धाप लागलेल्या मांजराच्या तोंडात चमच्याने काहीही ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, त्यांच्याकडे त्याची इंजेक्शनं असतात. तुम्ही करायचं ते एवढंच : उरलेलं उचलून ठेवा, पाकीट, बाटली किंवा झाडाची फांदी पिशवीत टाका, उलटी झाली असेल तर तीही डबीत घ्या, आणि निघायच्या आधी फोन करा. रात्री अकरानंतर कुठला दवाखाना उघडा असतो ते आजच विचारून फ्रिजवर लिहा.

आणि कुणी मुद्दाम विष घातल्याचा खरंच पुरावा असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे. प्राण्याला विष घालण्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्यासाठी डॉक्टरांचा लेखी अहवाल लागतो. खात्री पुरत नाही.

प्रश्न : आमच्या लॅब्राडॉरच्या मानेवर गोचिडांसाठी थेंब टाकतो. उरलेले दोन थेंब बोक्याला टाकले तर चालेल का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : नाही! कुत्र्यांच्या अशा बऱ्याच थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, बोक्याला नाही. आधी कान फडफडतात, मग अंगभर थरथर, मग झटके, आणि ताप १०५ अंशांच्या पुढे जातो. टाकून झालं असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घेऊन ती जागा धुवा, कोरडं करा, चाटू देऊ नका आणि निघा. झटके सुरू झाले असतील तर धूत बसू नका, थेट निघा. कुत्र्याला थेंब टाकल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना एका गादीवर झोपू देऊ नका. गाईगुरांच्या गोचिडांचं औषध बादलीत कालवून मांजराला आंघोळ घालणारेही भेटतात. त्यांना हेच उत्तर.

प्रश्न : गणपतीत घरी निशिगंध असतो, शिवाय मुलीने लिलीचा गुच्छ आणला. मांजर फुलदाणीतलं पाणी पितं. काळजी करावी का?
– एक वाचक, औंध

उत्तर : निशिगंध आणि लिली वेगळे, लिलीचीच काळजी करा. गुच्छातल्या मोठ्या सुवासिक लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तर दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. अंगाला लागलेले पराग चाटूनही पुरतं. लक्षणांची वाट न पाहता सलाइन सुरू केलं तर बहुतेक वाचतात, उशीर झाला तर फार थोडी. पीस लिली नावाचं कुंडीतलं झाड वेगळं, मनी प्लांटच्या जातकुळीतलं. ते चावलं तर तोंडाची आग होते, मूत्रपिंडाला धक्का नाही. गुच्छ मुलीच्या ऑफिसात पाठवून द्या.