१९व्या शतकात अमेरिकेत खास मुलींसाठी संगीतशाळा होती का?

होती: कनेक्टिकटमधल्या सेलम गावात ऑरॅमल व्हिटल्सी यांनी १८३५ मध्ये काढलेली म्युझिक व्हेल सेमिनरी. (चेटकिणींच्या खटल्यांचं सेलम मॅसॅच्युसेट्समधलं, हे वेगळं.) ओबरलिन (१८६५) आणि न्यू इंग्लंड (१८६७) या संगीतशाळा निघायच्या तीस वर्षं आधी इथे मुली राहून शिकत. शाळा चालली याचं कारण सरळ आहे: संगीत शिकवणं हा तेव्हा मध्यमवर्गीय मुलींना खुल्या असलेल्या मोजक्या पेशांपैकी एक होता. यादवी युद्धामुळे दक्षिणेतल्या विद्यार्थिनी तुटल्या, १८७६ मध्ये व्हिटल्सी वारले आणि शाळेचा आधारच गेला. ‘संगीताची पदवी देणारी देशातली पहिली संस्था’ अशी तिची ओळख सांगतात. मात्र ती पदवी मुख्यतः शिक्षिकेची पात्रता होती, आजच्या विद्यापीठीय पदवीशी तिची बरोबरी करू नका.