पडायला शिकलेले नट

प्रश्न : ताई, कॉलेजात असताना मी तीन चेंडू झेलायला आणि विनोदी जादूचे चार-पाच प्रयोग करायला शिकलो. आता नाटकात कामं करतो. मित्र म्हणतात, ऑडिशनला हे सांगू नकोस, दिग्दर्शक तुला कायमचा जोकर करून टाकतील. नावाजलेल्या नटांपैकी कुणी सर्कस, जादू शिकून आलं होतं का? आणि गंभीर भूमिकेत तिचा काही उपयोग होतो का?
– एक तरुण नट

उत्तर : सांग. बेधडक सांग, आणि खिशात ते तीन चेंडूही असू देत.

मी तीसेक वर्षं नटांना रंगमंचावर चालायला, वळायला आणि पडायला शिकवते. पडणं हा माझा खास विषय. हनुवटी छातीशी, श्वास सोडलेला, अंग टेकवायचं ते हाडांवर नाही, मांसल भागावर. आणि तळहात जमिनीवर ताठ रोवायचा नाही, नाहीतर मनगट गेलंच. सांगायला पाच मिनिटं लागतात, अंगात मुरायला वर्ष. म्हणून पडद्यावर कुणी सुरेख पडलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : हा शिकला कुठे?

कॅरी ग्रँटच्या बाबतीत याचं उत्तर मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला होता. रुबाबदार, सुटाबुटातला, हळू आवाजात बोलणारा हा हॉलिवूडचा नट १९०४ साली ब्रिस्टलमध्ये जन्मला आणि पोरवयातच बॉब पेंडरच्या कसरतपटूंच्या मंडळीत शिरला. पायांना उंच लाकडी दांडे बांधून चालणं, कोलांट्या, मूकाभिनय हे त्याचं शिक्षण. १९२० साली याच मंडळींबरोबर तो अमेरिकेला गेला, आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर तसेच लाकडी पाय लावून जाहिरात करत हिंडलाही. १९३८ च्या ‘हॉलिडे’ चित्रपटात तो चक्क कोलांट्या मारतो. पण तू त्या बघू नकोस. तो खुर्चीत बसतो कसा, दचकतो कसा, ते बघ. तोल इतका पक्का, की वेंधळेपणासुद्धा देखणा दिसतो.

बर्ट लँकेस्टर या हॉलिवूडच्या दुसऱ्या नटाची गोष्ट याहून सरळ. निक क्रॅव्हॅट या मित्राबरोबर त्याने सर्कशीत कसरती केल्या, हाताच्या दुखापतीने ते सुटलं, आणि पहिला चित्रपट मिळाला तो १९४६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. पुढे ‘द क्रिमझन पायरट’मध्ये त्याने त्याच मित्राला बरोबर घेतलं. क्रॅव्हॅटच्या बोलण्यातला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा ठसका चित्रपटातल्या जुन्या काळाला शोभेना, म्हणून त्याला मुका दाखवला. आणि तो नुसत्या अंगाने काय काय बोलतो! आपल्याकडची ‘हंटरवाली’ नटी नाडियाही झार्को सर्कशीतून आलेली. जादूचं म्हणशील, तर दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करायचे ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. आडनाव उलटं करून वाच. त्यांनी नाव उलटं केलं, पण जादू लोकांसमोरच केली.

आता तुझ्या विनोदी जादूबद्दल, कारण मला ती कसरतीपेक्षाही मोलाची वाटते. डब्ल्यू. सी. फील्ड्स बोलका विनोदी नट म्हणून गाजला, पण त्याआधी कितीतरी वर्षं तो एक शब्द न बोलता वस्तू झेलायचे खेळ करत होता. त्याची खुबी चुकण्यात होती. टोपी हातून निसटल्यासारखी करायची आणि अगदी शेवटच्या क्षणी झेलायची. १९३४ च्या ‘द ओल्ड फॅशन्ड वे’मध्ये त्याचा सिगारच्या पेट्यांचा खेळ आजही बघायला मिळतो. ब्रिटिश विनोदवीर टॉमी कूपरचे जादूचे प्रयोग तर सतत फसायचे, आणि ते इतके बेमालूम फसवायला तो मुळात कसलेला जादूगार होता म्हणूनच जमलं.

हे मी स्वतः एका तबकामुळे शिकले. एका नाटकात माझ्या हातून सहा पेले असलेलं तबक पडायचं होतं. तालमीत मी ते खरोखरच धांदरटपणे पाडायचे आणि कुणी हसत नव्हतं. मग मी रोज घरी तबक पाडायला बसले. तीन पेले एकदम, चौथा घरंगळत थेट नायकाच्या पायाशी, उरलेले दोन तबकातच. हे दर वेळी तसंच घडायला लागलं, तेव्हा कुठे प्रेक्षागृहातून हशा आला.

गंभीर भूमिकेतला उपयोग विचारतोस, तर तो नजरेत आहे. हातचलाखी करताना तू रिकाम्या मुठीकडे बघतोस, म्हणून सगळे रिकाम्या मुठीकडे बघतात. तू स्वतः तिथे नाणं आहे असं मानलं नाहीस, तर एकालाही पटत नाही. रंगमंचावर खोटं पत्र वाचताना, नसलेल्या माणसाची वाट बघताना हेच तर करायचं असतं. अमेरिकन नट स्टीव्ह मार्टिन पोरवयात डिस्नीलँडमधल्या जादूच्या दुकानात काम करायचा. लोकांसमोर तोच प्रयोग पुन्हापुन्हा करणं, ही कुठल्याही नाट्यशाळेत न मिळणारी तालीम आहे.

तुझ्या मित्रांची भीती अगदीच खोटी नाही, शिक्के बसतात. म्हणून ऑडिशनला आधी तुझं स्वगत कर, मनापासून कर. विचारलं तरच चेंडू काढ, आणि अर्ध्या मिनिटात थांब. माहितीपत्रकात ‘सर्कशीची आवड’ असलं मोघम काही नको. ‘तीन चेंडू, उभ्याने आणि चालताना’ असं नेमकं लिही.

आणि घरी एक कर. पलंगाकडे तोंड करून उभा राहा, म्हणजे सुटलेला चेंडू उचलायला फार वाकावं लागणार नाही. चेंडू झेलत झेलत स्वगत म्हण. ज्या ओळीला चेंडू सुटेल, ती ओळ तुला अजून येत नाही. तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू कर.