टोकोफेरॉल की टोकोफेरिल?

प्रश्न असा आहे: यकृतपेशींवरच्या एका लेखात कुठे ‘टोकोफेरॉल’, तर कुठे ‘टोकोफेरिल सक्सिनेट’ छापले आहे. हा मुद्रणदोष आहे का? मराठीत दोन्हींसाठी ‘ई जीवनसत्त्व’ लिहिले तर चालेल का?

मुद्रणदोष नाही. ‘-ऑल’ म्हणजे रेणूवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, -OH) मोकळा आहे. ‘-इल’ आणि पुढे आम्लाचे नाव आले, की तो गट त्या आम्लाने झाकला गेला, एस्टर तयार झाला.

यकृतपेशीत सगळा खेळ याच गटाचा आहे. तंतुकणिकेच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या) आतल्या पटलातल्या मेदाम्लांचे पेरॉक्सिडीभवन, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारी नासाडी, साखळीने पसरत जाते. अल्फा-टोकोफेरॉल त्या गटातला हायड्रोजन पेरॉक्सिल मूलकाला (ही साखळी पुढे नेणाऱ्या अतिक्रियाशील रेणूला) देऊन साखळी तोडते; मग युबिक्विनॉल (पटलातलेच एक मेदविद्राव्य द्रव्य) किंवा क जीवनसत्त्व त्याला पूर्ववत करते. सक्सिनेटकडे देण्याजोगा तो हायड्रोजनच नसतो. एस्टरेज विकराने बंध तोडल्यावरच ते अँटिऑक्सिडंट ठरते. उलट, अखंड सक्सिनेट तंतुकणिकेतल्या संकुल २ मध्ये (ऊर्जानिर्मितीच्या साखळीतल्या एका प्रथिनसमूहात) युबिक्विनोनच्या (युबिक्विनॉलच्या ऑक्सिडीकृत रूपाच्या) जागी अडथळा आणते आणि कर्कपेशींना मृत्यूकडे ढकलू शकते. दोन्हींना एकच नाव दिले, तर वाचवणारे कोण आणि मारणारे कोण हेच कळणार नाही!

गोळी तोंडाने घेतली तर एस्टर बहुतांशी आतड्यातच फुटतो आणि यकृताला टोकोफेरॉल मिळते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या (संवर्धित) पेशींवर थेट टाकलेला एस्टर मात्र अखंडच आत शिरतो. म्हणून प्रयोगाच्या वर्णनात पूर्ण नाव हवेच. वजनाचाही घोळ होतो: १०० मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरिल ॲसिटेटमधून सुमारे ९१, तर सक्सिनेटमधून सुमारे ८१ मिलिग्रॅम टोकोफेरॉल मिळते.

‘ई जीवनसत्त्व’ हे कुळाचे नाव आहे: चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायनॉल. यकृतातले एक वाहक प्रथिन त्यांतून मुख्यतः अल्फा-टोकोफेरॉल निवडून रक्तात पाठवते. आहाराबद्दल लिहिताना हे कुलनाम पुरेसे आहे.

व्युत्पत्ती सुंदर आहे. ग्रीक ‘टोकोस’ म्हणजे अपत्यजन्म, ‘फेरेइन’ म्हणजे वाहणे. १९२२ मध्ये हे द्रव्य उंदरांच्या गर्भधारणेच्या अभ्यासातूनच हाती लागले. ‘तंतुकणिका’ तर मूळ ग्रीक शब्दाचे हुबेहूब मराठी रूप आहे: ‘मितोस’ म्हणजे तंतू, ‘खोन्द्रोस’ म्हणजे कण. तो शब्द बिनदिक्कत वापरा. ‘टोकोफेरिल’ला मात्र मराठी प्रतिशब्द शोधू नका, कारण ‘-इल’ गेला की माहितीही गेली.